साळुंकीच्या बातम्या

कुंभाराघरची मडकी बोलत, तेव्हाची गोष्ट. सावलीत वाळत बसलेल्या एका कच्च्या माठाला साळुंकी रोज बातम्या सांगे. "तुझ्याबरोबरचा एक पाणपोईवर बसला. दुसरा तर देवळात गेला." ऐकून ऐकून माठ झुरू लागला.

"अरे, तुझ्या अंगात अजून ओल आहे," म्हातारा रांजण म्हणाला. "असाच भट्टीत गेलास तर फुटशील."

"कुणी फुटल्याचं साळुंकीनं कधी सांगितलं नाही," माठ फणकारला आणि कुंभाराची पाठ वळताच घरंगळत भट्टीत शिरला.

भट्टी तापली तसा तो फुटला. कुंभाराने खापऱ्या अंगणात फेकल्या.

सकाळी साळुंकी त्याच खापऱ्यांवर येऊन बसली आणि सावलीतल्या नव्या माठांना म्हणाली, "तुमच्याबरोबरचे कुठल्या कुठे पोचले, आणि तुम्ही अजून इथेच?"