दुसरा डोळा

एकदा एका मूर्तिशाळेत देवीची मूर्ती एका डोळ्यावर अडून राहिली. शाळेचा रिवाज असा, की मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हाताने आखायचे. वृद्ध गुरूंनी त्या वर्षी हे काम आपल्या शिष्येकडे सोपवले होते. उजवा डोळा पुरा झाला आणि शिष्येला कळा सुरू झाल्या. सातवा महिना नुकता लागला होता.

बाळ इस्पितळात काचेच्या पेटीत गेले. इकडे गुरूंनी देवीच्या मुखावर स्वच्छ फडके बांधले.

नवरात्राच्या तोंडावर व्यापारी आला. फडके उचलून हसला.

"तात्या, काणी देवी कोण नेणार? दुसरा डोळा तुम्ही काढा. हात काय मोडलाय तुमचा?"

"हात धड आहे. डोळा तिचा आहे."

"ती कसली येते आता! ओंजळीएवढं पोर पदरात. ते सांभाळील, की कुंचला धरील?"

गुरूंनी फडके पुन्हा बांधले. व्यापाऱ्याने दुसरीकडून मूर्ती नेली. घट बसले, उठले. शाळेतली देवी फडक्याआडच राहिली.

पौषात शिष्या आली. छातीशी बाळ बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. पिशवीतून खारीच्या केसांचा कुंचला काढून तिने गुरूंच्या पायाशी ठेवला.

"हा ठेवून घ्या, तात्या. दर दोन तासांनी वाटी-चमच्याने दूध पाजते. नुसतं शिंकलं तरी काळीज हलतं. सासूबाई म्हणतात, देवीपुढे तासन् तास बसलीस, म्हणून बाळाला घाई झाली." बोलता बोलता तिची नजर मूर्तीकडे गेली. "अजून तशीच? तुम्ही का नाही हो पुरी केलीत? देवीचं नवरात्र गेलं, तेही माझ्याच माथी?"

गुरूंनी घोंगडी झटकून तिला बसायला दिली. मग सावकाश म्हणाले,

"बाळ तुझ्यामुळे लवकर आलं नाही, पोरी. बाळं येतात कधी लवकर, त्यात कुणाचा दोष नसतो. आमचा मुलगाही आठव्यातलाच. सुभद्रेचा, माझ्या बायकोचा हात माझ्याहून सरस होता. तीही अशीच एक डोळा आखून बाळंतपणाला गेली. मला घाई. दुसरा डोळा मी काढला. कुणाला फरक कळला नाही, वाहवा झाली. बाळाला घेऊन ती आली, मूर्तीकडे बघून हसली. म्हणाली, 'जमलं की माझ्यावाचून!' आणि स्वयंपाकघरात गेली ती गेलीच. मला वाटलं, मी तिचा भार हलका केला. लोक म्हणाले, आई असावी तर अशी. पुढं कितीदा तरी पाहिलं, भाकरी थापताना परातीतल्या पिठावर बोटानं डोळा काढायची. मी आलो, की पुसायची."

त्यांनी पायाशी ठेवलेला कुंचला तिच्याकडे सरकवला. "तुला दोन्ही जमेल, असं मी सांगत नाही. मला ठाऊक नाही. पण तुझी जागा तू यायच्या आत भरायची, हे पाप एकदा केलं. पुन्हा नाही."

"रेघ वाकडी जाईल, तात्या."

"वाकडी तर वाकडी. आज नुसती पापणी कर. देवीला कुठं जायचंय?"

तिने फडके सोडले, कुंचला बुडवला. रेघ अर्ध्यावर आली आणि बाळ कुरकुरले. तिने कुंचला पुसला, फडके पुन्हा बांधले. बाळाला पाजून उठताना म्हणाली, "मंगळवारी बघते. आलेच तर."

या वेळी कुंचला मात्र ती पिशवीत घालून घेऊन गेली.

पुढचे कितीतरी मंगळवार रिकामे गेले. त्यानंतरच्या नवरात्रातही ती मूर्ती शाळेतच होती. पापणी पुरी झाली होती, बुबुळ व्हायचे होते. बाळ मात्र तिच्या पायथ्याशी मातीत बसू लागले होते.

बाळ अवेळी आलेल्या घरी आपण डिंकाचे लाडू नेतो, देवाचा अंगारा नेतो. जरूर न्यावेत. पण उठण्याआधी त्या आईला एवढेही विचारावे, बाई गं, तुझे अर्धे राहिलेले काम कुठे ठेवले आहेस?