चांदरमाळाला शीव का नाही

चांदरमाळाच्या पठारावर शिवेचा दगड कुठेच सापडत नाही. वर चढून आलेला पाहुणा हे विचारतोच, आणि मग माळावरचे म्हातारे कोंडीबा झोरे कांबळं सारखं करून सांगायला बसतात.

फार पूर्वी, म्हणे, पठाराच्या पूर्वेला उंबरघोळात सुभानजी देशमुख होता आणि पश्चिमेला कातळवेढ्यात त्याचा चुलतभाऊ हैबतराव. माळ आपलाच, असं दोघंही म्हणत. सुभानजीला खरं तर माळाचं काही अडलेलं नव्हतं. पण माळावरचे धनगर लग्नकार्याला हैबतरावाला आधी बोलावतात, हे त्याच्या कानावर आलं आणि त्याच्या जिवाचा जळफळाट सुरू झाला. अन्न गोड लागेना. कुणी हैबतरावाचं नाव घेतलं की तो पानावरून उठे. एके दिवशी त्याने माळावर शिवेचा दगड रोवला. हैबतरावाने तो उपटून दरीत लोटला. मग दोन्हीकडची माणसं भाले घेऊन वर चढली.

तेव्हा धनगरांची कारभारीण ठकूबाई एकटीच सुभानजीपुढे जाऊन उभी राहिली.

"देशमुख, खरं सांगा. माळ तुम्हाला हवाय, का त्यांना मिळू नये असं वाटतंय?"

सुभानजीने कातळवेढ्याच्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, "त्याला मिळता कामा नये."

"मग आमचा माळ आमच्याकडेच राहू द्या. त्यांना मिळणार नाही, हा माझा शब्द."

तिथून ती हैबतरावाकडे गेली. तिने तेच विचारलं, आणि उत्तरही तेच मिळालं, असं सांगतात.

माळावरच्या देवीपुढे सगळे जमले. ठकूबाईने आपल्या माणसांना विचारलं, "कुणाच्या अमलाखाली जायचं?" आयाबायांसकट सगळे म्हणाले, "कुणाच्याच नाही." दोन्ही देशमुखांनी भंडारा उचलून शपथ घेतली. हैबतराव रिकाम्या हाताने परतणार, म्हणून सुभानजीच्या काळजात गार वाटलं. त्याने हळूच भावाकडे पाहिलं. हैबतराव त्याच्याकडेच बघत होता, आणि त्याच्याही तोंडावर तसंच सुख होतं. सुभानजीने मान खाली घातली. ठकूबाईने दोन्ही हातांत विडे घेतले आणि एकदमच दोघांपुढे धरले.

आजही देवीच्या यात्रेत माळाची कारभारीण दोन्ही गावच्या देशमुखांना असेच विडे देते. ते हसून घेतात, आणि उजव्या हाताचा विडा कुणाला गेला, ते तिरक्या नजरेने बघून ठेवतात.