खोबण

“एकेचाळीस दगडांत एकही हत्यार नाही?”

शर्वरी खरातचा आवाज चढला, तसे यल्लप्पा मुकादम थांबले. त्यांच्यासमोर गोणपाट अंथरलेलं होतं आणि गोणपाटावर तिने आणलेले दगड.

“वरडू नको, पोरी. हाताला ऐकू येत न्हाई मग.”

चाळीस वर्षं यल्लप्पांनी पुरातत्त्वाच्या साहेबांच्या उत्खननांवर मजूर सांभाळले होते. कुदळ कुठे थांबवायची, ते साहेबच त्यांना विचारत. अहवालांत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. ‘एका मजुरास सापडले’ असं मात्र दोनदा छापलं होतं. शर्वरीने ते शोधून काढलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा तीच जास्त चिडली होती.

दोन वर्षं दर रविवारी ती त्यांच्याकडे शिकायला येत होती. दोन वर्षांत त्यांनी तिला एकच काम दिलं. वाकेवाडीच्या नदीकाठची, ते स्वतः तीस वर्षं बघत आलेली दरड समोर धरून बसायचं आणि बघायचं. हात लावायचा नाही.

तिसऱ्या महिन्यातच ती विटली होती. बघत बसणं या म्हाताऱ्यांना फार छान जमतं, असं तिने मैत्रिणीला ऐकवलंही होतं.

मग कळलं, की रस्त्याच्या भरावासाठी ती दरडच तोडणार आहेत. आदिमानवाची हत्यारं तिच्या थरात आहेत, एवढं दाखवता आलं तर काम थांबणार होतं.

शर्वरीने यल्लप्पांना विचारलं नाही. तीन रविवार हातोडी आणि पेचकस घेऊन ती एकटीच गेली. दगड उकरले, ॲसिडने लख्ख धुतले, पांढऱ्या रंगाने त्यांच्यावर आकडे घातले.

आज सकाळी दरड तपासायला पुरातत्त्व खात्याची समिती आली. चार जण, चौघेही साठीच्या पुढचे.

“हे इथलेच कशावरून?” एकाने विचारलं.

“हल्लीची मुलं हुशार आहेत हो,” दुसरा हसला. “घरीसुद्धा घडवतील.”

चहा पिऊन ते गेले. काम सुरू करायला हरकत नाही, असं लिहून गेले.

त्यांतल्या एकाचा उत्खननातला हात यल्लप्पांनीच तयार केला होता. मुकादमांनी एक फोन केला, तर तो माघारी येईल. शर्वरीकडे आता एवढंच उरलं होतं. म्हणून ती दुपारच्या उन्हात गोणी घेऊन त्यांच्या ओसरीवर आली होती.

यल्लप्पांनी पुन्हा डोळे मिटले. एकेक दगड अंगठ्याखालून फिरवून ते बाजूला टाकत गेले.

“नदीनं फोडला.”

“नदीनं.”

“ह्यो वरच्या गाळाच्या भारानं फुटला.”

“आणि हा?”

“ह्यो तुझ्या हातोडीनं.”

ती ओठ चावत बघत राहिली. बाजूचा ढीग वाढत गेला. गोणपाटावर पाच दगड उरले, मग दोन... मग एक.

तो यल्लप्पांनी टाकला नाही. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा. त्यांची बोटं आपोआप त्याच्याभोवती मिटली.

“नदी कुठंबी मारती,” ते हळूच म्हणाले. “माणूस मारतो, उलटून बघतो, मग दुसऱ्या अंगानं मारतो. बघ. इथं बघितलंय त्यानं... आणि इथं.”

शर्वरी पुढे सरकली. “हातकुऱ्हाड! एक पुरे, तात्या. एकच पुरे. लावा फोन.”

“दरडीतला अंगावरचा चुना कुठं गेला ह्याच्या?”

“...धुतला.”

“वरती कंची बाजू व्हती?”

ती दगडावर स्वतःच घातलेला आकडा बघत राहिली.

“कितव्या थरात?”

“माझ्या लक्षात नाही.”

“मग फोनवर काय सांगू?”

“सांगा, की तुमच्या हाताला कळलं!”

“हाताचं कुणी कागदावर घेत न्हाई, पोरी. माझ्या तर न्हाईच.”

मग मात्र तिचा तोल गेला.

“तुम्ही तीस वर्षं त्या दरडीला टेकून बसलात! एका शब्दाने कुणाला बोलला नाहीत. मी निदान हात तरी घातला. मशीन दारात आल्यावरही मी बघतच बसायला हवं होतं का?”

यल्लप्पांनी हातकुऱ्हाड मुठीत घेतली.

दुसऱ्या हाताने काठी घेतली. “चल.”

दरडीपाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. जेसीबी येऊन उभा होता आणि पलीकडच्या टोकाला पहिला घास घेतलेला होता. तेवढ्या जागी दरड नव्हतीच. नुसतं आभाळ होतं.

“ओ आजोबा, बाजूला व्हा!” ड्रायव्हर ओरडला.

“विडी वड जरा,” यल्लप्पा म्हणाले. “तेवढ्यात होतंय आमचं.”

चुन्याने दगडासारख्या घट्ट झालेल्या गाळात शर्वरीने उकरलेल्या खोबणी तशाच होत्या. एकेचाळीस. काढलेल्या दातांसारख्या. प्रत्येकीच्या तळाशी गेलेल्या दगडाचा ठसा होता.

“लाव,” यल्लप्पांनी हातकुऱ्हाड तिच्या हातात दिली.

पहिल्या खोबणीत दगड बसला नाही. दुसरीत नाही. बारावीत नाही. ड्रायव्हरने विडी विझवली. विसावी... पंचविसावी...

खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, काळपट रेतीच्या थराला लागून एक खोबण होती. शर्वरीने दगड फिरवला, टोक आत केलं.

तो गेला. पालथा, जरासा तिरका. कुणीतरी हातातून खाली ठेवावा आणि उचलायला परत येऊ नये, तसा.

किंचित सैल होता. धुऊन काढलेल्या चुन्याएवढा.

“बसला...” ती पुटपुटली. मग ओरडली, “तात्या, बसला! हाच थर! फोटो काढते, त्यांना पाठवते, आत्ता—”

मोबाइल वर धरलेला तिचा हात तसाच राहिला. सकाळचं ते हसणं तिला पुन्हा ऐकू आलं. घरीसुद्धा घडवतील. आता काय म्हणतील? दगड हिनेच बसवला. आणि खरंच, तिनेच तर बसवला होता.

मोबाइल खाली आला.

यल्लप्पा जमिनीवर उकिडवे बसले होते. त्या दगडाकडे ते असे बघत होते, की शर्वरीला क्षणभर बाजूला व्हावंसं वाटलं.

मागे जेसीबी सुरू झाला. जमीन हादरली, दरडीच्या वरून माती भुरभुरली.

“आजोबा! दिवस मावळला की बिलावर सही करत न्हाईत माझ्या. उठा!”

शर्वरी गुडघ्यांवर बसली. निदान हा तरी. निदान हा एक तरी घरी नेऊ. तिने खोबणीत बोटं घातली.

यल्लप्पांनी तिचं मनगट धरलं.

“सोडा, तात्या. चुरा होईल त्याचा.”

त्यांनी सोडलं नाही. जेसीबीच्या लोखंडी बकेटची सावली दोघांच्या पाठीवर येऊन थांबली.

“हात नको लावू,” यल्लप्पा म्हणाले. “आत्ता कुठं जाग्यावर सापडलाय त्यो.”