जोम्याची चिमूट

खाडीचं पाणी आजच्यापेक्षा गावाच्या जवळ होतं, त्या काळची ही गोष्ट. खारमाळ गावात सगळे मीठ पिकवायचे. आगर शेठचं, घाम गावाचा. आगराच्या पुढे समुद्राला अडवणारा मातीचा बांध होता आणि आगराच्या मागे घरं होती.

त्या गावात जोमा नावाचा आगरी होता. हिरू त्याचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा जोम्याच्या पाठीवर बसूनच हिरूनं जग पाहिलं. जोमा शांत, हिरू तापट. पण दादूस म्हणेल ती पूर्व, असं हिरूचं होतं.

एका वर्षी शेठनं मीठ मोजायची टोपली मोठी केली. मीठ जास्त, मजुरी तीच. तेव्हा गावानं जूट बांधली. टोपली लहान होईपर्यंत आगरात कुणी फावडं लावायचं नाही, असं ठरलं. जुटीची एक रीत होती. मधोमध पाण्याचा हंडा ठेवायचा आणि प्रत्येकानं त्यात चिमूटभर मीठ सोडायचं. पाण्यात गेलेलं मीठ वेगळं काढता येत नाही, तशी आपली जूट. चिमूट पडली की बोलणं संपलं.

हिरूनं आपली चिमूट सगळ्यांच्या आधी टाकली. जोम्याची पाळी आली, तेव्हा तो मूठ मिटून उभा राहिला.

"टोपलीसाठी मी मरेपर्यंत तुमच्यासंगं आहे," तो म्हणाला. "पण खेकड्यांनी बांध पोखरलाय. अमावस्येच्या उधाणाआधी त्याला चिखल लावू या. भांडण शेठशी आहे, दर्याशी नाही."

"शेठनं चहा पाजला वाटतं जोम्याला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

जुटीचा म्होरक्या पदाजी मात्र हसला नाही. "बांधाला फावडं लावलं, तरी ते आगराचंच काम. आपल्यात दोन तोंडं आहेत हे शेठला कळलं, तर तो टोपली आणखी मोठी करील. गप बस जोमा."

"जूट माझी नसती, तर गप घरी गेलो असतो, पदूकाका. माझी आहे म्हणून बोलतोय."

जोमा मूठ मिटूनच निघाला. हिरू मागे धावला, तेव्हा तो म्हणाला, "तुझी चिमूट पडलीय. तू जाऊन बस. जुटीत आपल्या घरातलं कुणीतरी हवं."

अमावस्येचं उधाण भर दुपारी आलं. वारा नव्हता, ढग नव्हता, आणि पाणी चढत होतं. बांध फुटल्याचा आवाज आला. पण पाणी आलं नाही. माणसं पोरंबाळं घेऊन टेकडीवर चढली. शेवटची म्हातारी वर पोहोचली, तेव्हाच दर्या आत शिरला, असं म्हणतात.

ओहोटीला गाव खाली उतरलं. बांधाच्या भगदाडात जोमा उभाच होता, दर्याला पाठ लावून. हिरूनं त्या पाठीवरून हात फिरवला. ती दगडासारखी झाली होती. उजवी मूठ मिटलेली होती. ती कुणाला उघडेना. "राहू द्या," हिरू म्हणाला, "त्याची आहे ती." चितेवर त्या मुठीतलं मीठ तडतडलं आणि प्रत्येक घरात ऐकू गेलं, असं म्हणतात.

तेराव्यानंतर जूट पुन्हा बसली. चिमटी हंड्यात पडल्या. पण मीठ विरघळेना. खड्यांसारखं तळाशी जाऊन बसलं. पदाजीनं काठीनं ढवळलं, तर नुसता खडखडाट झाला.

हिरू पेटला. "ह्या हंड्यानं माझा दादूस खाल्ला! फोडतो हा हंडा! नको मला तुमची जूट!" त्यानं फावडं उचललं. आणि हात तसाच राहिला.

दारातून ओली पावलं आत येत होती. माणूस दिसत नव्हता. पावलं जोम्याच्या जागेपर्यंत आली, आणि तिथली जमीन ओली झाली, कुणी बसावं तशी.

हिरूच्या हातून फावडं गळलं. तो रडत म्हणाला, "दादूस, बांधाची भोकं मीपण पाहिली होती."

हंड्यात थोडंसं मीठ विरघळलं.

"मीही पाहिली होती," एक म्हातारी म्हणाली. मग दुसरा बोलला, मग तिसरा. सगळे बोलले, तरी तळाशी एक चिमूट उरली. सगळ्यांनी पदाजीकडे पाहिलं.

"मी सगळ्यांच्या आधी पाहिली होती," पदाजी म्हणाला.

पाणी निवळ झालं. जोम्याची जागा सुकली आणि तिथं मिठाचा पांढरा थर उरला. त्या दिवसापासून जुटीत चीर दिसली नाही, आणि शेठला टोपली लहान करावी लागली.

आजही खारमाळात कामगारांची सभा भरली की एक जागा रिकामी ठेवतात. मीठ सोडण्याआधी म्होरक्यानं त्या जागेला विचारायचं, "जोमा, भोक कुठं आहे?" मग सगळे थांबतात. जो उठून बोलेल, मग तो वेडंवाकडं का बोलेना, त्याला गप बस म्हणायचं नाही.

आणि कुणीच उठलं नाही, तर ती कोरडी जागा हळूहळू ओली व्हायला लागते, असं म्हणतात. मग कुणीतरी उठतंच.