दगडफुलाची हाक

खडकवण्याच्या खालच्या आळीत, दोन मोडक्या जोत्यांच्या मधोमध हे दगडी उखळ आहे. वाकून बघा, पण हात लावू नका. काठावर ते राखाडी पापुद्रे दिसतात ना, ते दगडफूल. मसाल्यात पडतं तेच. शिकलेले लोक येतात आणि म्हणतात, दगडावर दगडफूल उगवणारच, त्यात नवल ते काय! म्हणोत बापडे. आळीतल्या बाकीच्या दगडांवर ते का नाही, एवढं मात्र त्यांना सांगता येत नाही.

सांगतात ते असं. या जोत्यांवर तेव्हा दोन घरं होती. एका घरात चिमा, दुसऱ्यात म्हाळसा. दोघींचेही नवरे लवकर गेलेले, पदरात लेकरू नाही. आळीनं त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं, तेव्हा दोघी एकमेकींना धरून राहिल्या. चैत्रात मिरच्या वाळल्या की याच उखळात मसाला कांडायच्या, समोरासमोर उभ्या राहून. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली.

चिमाचा भाऊ घाटावरच्या रानातून दगडफूल आणून द्यायचा. म्हाळसा ते मागायला चिमाच्या दारात यायची. आणि म्हाळसाच्या हातच्या भाजणीची चव काही औरच, म्हणून चिमा तिच्याकडे लोटकंभर मसाला मागायची. मागितल्यावर दिलं तर तो शेजार, न मागता दिलं तर ती भीक, असा त्या वेळी गावाचा कायदा होता म्हणे. मानी माणसांचं गाव. आता त्यांना काय बोलायचं!

एका चैत्रात चिमाच्या ओट्यावर आळीतल्या बायका जमल्या होत्या. कधी नव्हे त्या आलेल्या. चिमाला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं की तिच्या जिभेला हाड राहायचं नाही. तेवढ्यात म्हाळसा वाटी घेऊन आली. बायकांना हसवायला चिमा म्हणाली, "आली बघा दगडफुलाची भिकारीण!"

बायका हसल्या. म्हाळसा हसली नाही. तिनं वाटी पालथी केली, उखळावर हात ठेवला आणि म्हणाली, "या उखळाची आण. पुन्हा तुझ्या दारात मागायला आले, तर म्हाळसा म्हणू नका मला."

बायका आपापल्या घरी गेल्या. त्या काही पुन्हा ओट्यावर आल्या नाहीत. चिमाला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, जाईल. चार दिवस गेले, पावसाळा गेला, वर्ष गेलं. दोघींच्या दारांत बारा पावलांचं अंतर, पण बोलणं नाही की बघणं नाही.

पुढच्या चैत्रात म्हाळसा एकटीच कांडायला उभी राहिली. चिमा आपल्या दाराआड चिंच फोडत बसली होती. बाहेर मुसळाचा एक घाव पडायचा आणि मग मध्ये रिकामी जागा राहायची. त्या जागेत चिमाचा हात आपोआप उठून स्वतःच्या गुडघ्यावर पडायचा. कांडण संपेपर्यंत तिचा गुडघा लाल झाला होता असं सांगतात. त्या दिवशी तिनं मूठभर दगडफूल पुरचुंडीत बांधून खुंटीला अडकवलं. म्हाळसा मागायला आली की द्यायचं. नेऊन द्यावं तर भीक होणार, आणि ती शिवी एकदा देऊन झाली होती.

अशा सात वर्षांत सात पुरचुंड्या खुंटीला लागल्या. भाऊ वारला. घरात बोलायला कुणी उरलं नाही. चिमा मांजराशी बोलायची, चुलीशी बोलायची आणि संध्याकाळी म्हाळसाच्या दाराकडे बघत बसायची.

आठव्या चैत्रात म्हाळसानं अंगणात मिरच्या वाळत घातल्या. संध्याकाळ झाली तरी त्या उचलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही तशाच. वाऱ्यानं निम्म्या आळीभर पसरल्या. चिमा दारातून उठली. तिनं खुंटीवरच्या पुरचुंड्या काढल्या, अंगणात उतरली आणि उखळापाशी थबकली. न मागता न्यायच्या कशा?

आणि तिथंच तिला सुचलं. आण म्हाळसानं घेतली होती. आपण कुठं घेतली? मागायला आपण जाऊ शकत होतो की! एक लोटकंभर मसाला, बस. "अगं बाई गं," ती स्वतःलाच म्हणाली, "सात वर्षं मी काय केलं!"

ती धावत दाराशी गेली. "म्हाळसे, लोटकंभर मसाला दे गं." आतून काही नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं मागितला. तिसऱ्यांदा रडत मागितला आणि दार ढकललं.

म्हाळसा चुलीजवळ कलंडली होती. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं म्हणे. वरच्या फळीवर सात लोटकी ओळीनं ठेवलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. जुन्यातला मसाला काळपट पडला होता, शेवटच्यातला अजून लालभडक होता. चिमानं एकेक हुंगलं. कशातच दगडफूल नव्हतं.

म्हाळसाला पोचवून आल्यावर चिमानं सातही लोटकी आणि सातही पुरचुंड्या या उखळात ओतल्या. दोन हातांत दोन मुसळं घेतली. एक घाव आपला, एक तिचा. तो मसाला तिनं घरोघर वाटला आणि प्रत्येक दारात एकच सांगितलं, "बायांनो, कुणाला तीनदा हाक मारायला लावू नका." त्यानंतर या उखळात कुणी कांडलं नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात काठावर दगडफूल धरलं, असं सांगतात.

आजही खडकवण्यात कुणी स्वतःच्या घरचं दगडफूल मसाल्यात घालत नाही. डबा भरलेला असला तरी वाटी घेऊन शेजारी जायचं आणि मागायचं. आणि आतलीनं पहिल्याच हाकेला ओ द्यायची, मग हात पिठात असोत नाहीतर मूल अंगावर असो.

आता आळीत कुलपंच जास्त. शेजार उरला नाही अशा म्हाताऱ्या या उखळापाशी येतात आणि हाक मारतात, "दगडफूल द्या गं कुणी!" एकदाच मारतात, आणि ऐकत उभ्या राहतात. म्हणून पाव्हणं, उतरताना मागून तशी हाक आली, तर कोण आहे, कुणाला म्हणते, असं विचारत बसू नका. दगडफूल नसेना का तुमच्याकडे. ओ म्हणा.