झुकलेला ऐन

जंगलात माणसांच्या हाती नुकती यंत्रं आली होती, तेव्हाची गोष्ट. वादळात उन्मळलेला ऐन वृक्ष दोन खडकांवर आडवा पडून मधोमध झुकला होता. पायवाट अडली म्हणून शेवंता ही शिकाऊ स्वयंसेविका तो कापायला आली. तिच्याकडे जुनी हातकरवत होती आणि नवीकोरी यंत्रकरवत.

“वरून नको गं, मधोमध झुकलेला ऐन कापताना पातं आवळेल,” हातकरवत म्हणाली.

“तुझं रडगाणं पुरे!” म्हणत यंत्रकरवत घरघरत वरूनच खोडात घुसली. हातकरवत ओरडत राहिली, पण त्या घरघरीत कुणालाच काही ऐकू गेलं नाही. अचानक पातं आवळलं गेलं आणि यंत्र बंद पडलं.

त्या शांततेत शेवंताला ऐनाची कडकड ऐकू आली. तिने मागे उडी मारली. ती उभी होती तिथेच खोड फाटून आदळलं.

“आधी का नाही सांगितलंस?” यंत्रकरवत म्हणाली.

“मी सांगत होते,” हातकरवत म्हणाली. “ऐनही सांगत होता.”