लेकीच्या सोयीची गाडी

"दिवाळसणाला पाहुण्यांदेखत गाडी मागितली, की व्याह्यांची नाही म्हणायची छाती होणार नाही!" सासरे अप्पा सासूबाईंना सांगत होते. दाराआड नवी सून मृण्मयी थबकली. बाबांना त्यासाठी राहतं घर गहाण टाकावं लागलं असतं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दिवाळसणाला तिच्या माहेरी सगळे जमले. फराळ होताच अप्पा गरजले, "व्याहीबुवा, गाडीचं तेवढं बघा. आम्हाला कशाला हवी? तुमच्याच लेकीची सोय!"

बाबांचा चेहरा उतरला. चहाचा ट्रे खाली ठेवत, एरवी अबोल असणारी मृण्मयी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पा, सुनेची सोय तिच्या बापाकडे मागावी, इतकं का आपलं घर गरीब आहे? गाडी तुम्हीच घ्या. पेट्रोल, विमा, टायरही तुम्हीच बघा. माझ्या सोयीची आहे, तेव्हा किल्ली तेवढी मी सांभाळीन."